फ्रिट्झ पोलार्डची धाव

अमेरिकेत ‘फुटबॉल’ ह्या नावाने जो खेळ ओळखला जातो, तो आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा आहे. नावात पाय असला, तरी त्या खेळात हातांचेच काम अधिक. चेंडूही वाटोळा नसतो. सोललेल्या नारळासारखा तो मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. हा चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या गड्यांमधून वाट काढीत धावायचे आणि मैदानाच्या शेवटची रेषा ओलांडायची, हे त्या खेळाचे मुख्य अंग होय. हुतूतूमध्ये चढाई करणारा गडी डोळ्यांसमोर आणला, म्हणजे ह्या धावण्याची थोडीफार कल्पना येते. हुतूतूचा गडी प्रतिपक्षाच्या अंगणात एकटा शिरतो आणि त्यांच्या हातून निसटून परत येण्याची धडपड करतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र परत यायचे नसते. पुढेच जायचे असते.

ह्या खेळात प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत मैदानाची लांबी शंभर यार्ड असते. ज्या संघाकडे चेंडू असेल, त्याला चार प्रयत्न मिळतात, आणि त्या चार प्रयत्नांत चेंडू निदान दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. तेवढे साधले, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. न साधले, तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. चेंडूसह शेवटची रेषा ओलांडली, म्हणजे ‘टचडाउन’ होते व त्याबद्दल सहा गुण मिळतात. संघातील धिप्पाड गडी पुढच्या रांगेत भिंतीसारखे उभे राहतात. त्यांच्या मागे उभा असलेला ‘हाफबॅक’ चेंडू हाती येताच एखादी फट हेरतो आणि तिच्यातून सुसाट सुटतो. त्याला पाय तर चपळ हवेतच. परंतु त्याहूनही अधिक तीक्ष्ण नजर हवी. फट क्षणभरच उघडते आणि लगेच मिटते.

हा खेळ अमेरिकेतील महाविद्यालयांत वाढला. १८६९ च्या नोव्हेंबर महिन्यात रट्गर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांच्या संघांत जो सामना झाला, तेथून त्याचा इतिहास मोजतात. पुढे येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन ह्या पूर्वेकडील जुन्या व संपन्न विद्यापीठांचे संघ सर्वांत बलाढ्य गणले जाऊ लागले. प्रारंभीच्या काळात खेळ मोठा दांडगाईचा होता. डोक्यावर फार तर चामड्याची मऊ टोपी असे. पुष्कळ गडी तीही घालीत नसत. १९०५ च्या एका हंगामात अठरा खेळाडू प्राणास मुकल्याचे वृत्तपत्रांनी छापले आणि देशभर ओरड झाली. पुढच्या वर्षी नियमांत बऱ्याच सुधारणा करण्यात आल्या.

तरीही एक मोठा धोका कायम राहिला. आज महाविद्यालयीन सामन्यांत चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्याचे अंग जमिनीला टेकले, की खेळ तेथेच थांबतो. हा नियम १९३२ साली आला. त्यापूर्वी पडलेला गडी पुन्हा उठून किंवा रांगत आणखी थोडे पुढे सरकू शकत असे. त्यामुळे तो पडला रे पडला, की प्रतिपक्षाचे चार-सहा गडी त्याच्या अंगावर कोसळत. त्या ढिगाऱ्याखाली काय चालले आहे, हे पंचालाही दिसत नसे. ठोसे, गुडघे, कोपरे ह्यांचा तेथे मुक्त वापर होई. ज्याच्याविषयी मनात आकस असेल, त्याला अशा वेळी मुद्दाम दुखावता येत असे. फ्रिट्झ पोलार्ड खेळू लागला, तो ह्या काळात.

त्याचे पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. गुलामगिरीविरुद्ध लढलेला थोर कृष्णवर्णीय वक्ता फ्रेडरिक डग्लस ह्याच्यावरून आईबापांनी मुलाचे हे नाव ठेवले होते. २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागो शहरात त्याचा जन्म झाला. वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत, आई शिवणकाम करी. ज्या वस्तीत हे कुटुंब राहत होते, तेथे बहुतेक सारे लोक गोरे होते आणि त्यांतील पुष्कळजण मूळचे जर्मन होते. त्यांनी फ्रेडरिकला ‘फ्रिट्झ’ हे जर्मन धाटणीचे लाडके नाव दिले, आणि तेच पुढे जन्मभर टिकले.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु कायदा बदलला, म्हणून माणसांची मने एका दिवसात बदलत नाहीत. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या व गोऱ्या लोकांना शाळा, आगगाड्यांचे डबे, उपाहारगृहे ही सारी वेगवेगळी ठेवण्यात आली. उत्तरेकडे असे कायदे क्वचितच होते. तरी पुष्कळ ठिकाणी रूढीच कायद्याचे काम करीत असे. फ्रिट्झच्या थोरल्या भावांनी हा अनुभव घेतला होता. त्यांपैकी लेस्ली हा डार्टमथ महाविद्यालयाच्या संघातून फुटबॉल खेळलेला होता. लहानग्या फ्रिट्झला खेळाचे धडे ह्या भावांनीच दिले. त्यांतील एक धडा त्याच्या फार उपयोगी पडला. मैदानात पडलास, की ताबडतोब उताणा हो आणि दोन्ही पाय हवेत जोराने झाडीत राहा, असे त्यांनी त्याला शिकविले. सायकल चालवावी तसे ते पाय फिरू लागले, की अंगावर कोसळण्यासाठी धावून आलेले गडी बिचकून दूर होत. ही युक्ती खेळात चमकण्यासाठी नव्हती. हातपाय धड ठेवून घरी परत यावे, ह्यासाठी ती होती.

फ्रिट्झ अंगाने धिप्पाड नव्हता. उंची पाच फूट नऊ इंच, वजन सुमारे पंचाहत्तर किलो. त्याच्याहून कितीतरी दांडगे गडी समोर असत. म्हणून त्याने बळापेक्षा चापल्यावर भर दिला. भरधाव धावता धावता तो एकाएकी थबके, कंबरेला हिसका देऊन दुसऱ्या दिशेने वळे, आणि त्याला धरायला झेपावलेला गडी रिकाम्या हातांनी जमिनीवर आपटे. अशा हुलकावण्या देण्यात तो पटाईत झाला. शाळेत असतानाच फुटबॉल, बेसबॉल आणि धावण्याच्या शर्यती ह्या तिन्हींत त्याचे नाव गाजू लागले.

१९१५ साली फ्रिट्झ पोलार्डने ब्राउन विद्यापीठात प्रवेश घेतला. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स ह्या शहरात असलेले हे विद्यापीठ १७६४ साली स्थापन झालेले आहे. खर्चाला हातभार लागावा, म्हणून तो वसतिगृहातील आपल्या खोलीत इतर विद्यार्थ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून देई. फुटबॉलच्या संघात तो एकटाच कृष्णवर्णीय होता. प्रारंभी सहकाऱ्यांनी त्याच्याशी दुराव्यानेच वागायचे ठरविलेले दिसले. सरावात त्याला अधिक जोराने आपटावे, त्याच्याशी फारसे बोलू नये, असा प्रकार काही दिवस चालला. पोलार्डने तक्रार केली नाही. आपटल्यावर तो उठे आणि पुन्हा चेंडू मागे. काही आठवड्यांतच सर्वांच्या ध्यानात आले, की ह्या मुलाच्या हाती चेंडू दिला, तर सामना जिंकता येतो. मग हळूहळू दुरावाही कमी झाला.

त्या हंगामाच्या शेवटी ब्राउनच्या संघाला कॅलिफोर्नियातील पॅसाडीना ह्या गावाहून निमंत्रण आले. तेथे नववर्षदिनी गुलाबांचा मोठा उत्सव भरत असे. उत्सवात फुटबॉलचा सामना प्रथम १९०२ साली झाला होता. त्यानंतर काही वर्षे त्याऐवजी रथांच्या शर्यती भरविल्या गेल्या. १ जानेवारी १९१६ पासून फुटबॉलचा सामना पुन्हा सुरू व्हायचा होता. पुढे हाच सामना ‘रोझ बाउल’ ह्या नावाने जगप्रसिद्ध झाला. ब्राउनचा संघ आगगाडीने सारा देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. मुक्कामाच्या हॉटेलात मात्र पोलार्डला खोली देण्यास नकार मिळाला. तेव्हा संघाच्या प्रशिक्षकवर्गाने ठामपणे सांगितले, की पोलार्डला खोली मिळणार नसेल, तर आमचा संघच येथे राहणार नाही. अखेर खोली मिळाली. काही महिन्यांपूर्वी जो संघ त्याला दूर ठेवीत होता, तोच आता त्याच्या पाठीशी उभा राहिला होता.

सामन्याच्या दिवशी पाऊस झाला. मैदानात चिखलच चिखल झाला. ज्याचे सारे कौशल्य क्षणात वळण्यात आहे, त्याला निसरड्या जमिनीवर काय करता येणार? वॉशिंग्टन स्टेट महाविद्यालयाच्या संघाने ब्राउनला १४–० असे हरविले. तरीही त्या दिवशी एका गोष्टीची नोंद झाली. रोझ बाउलमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून फ्रिट्झ पोलार्डचे नाव इतिहासात लिहिले गेले.

त्याचे खरे तेज दिसले, ते त्याच वर्षीच्या पुढल्या हंगामात. ११ नोव्हेंबर १९१६ रोजी ब्राउनचा संघ येलविरुद्ध खेळायला न्यू हेवन येथे गेला. येलचे क्रीडांगण दोन वर्षांपूर्वीच बांधलेले होते आणि त्यात सुमारे सत्तर हजार प्रेक्षक बसू शकत. त्या प्रचंड समुदायातून पोलार्डच्या रंगावरून अपशब्दांचा वर्षाव झाला. त्याला उत्तर द्यायला त्याच्यापाशी एकच भाषा होती, ती धावण्याची. ब्राउनने येलला २१–६ असे हरविले. त्या संपूर्ण हंगामात येलचा झालेला हा एकमेव पराभव होय. पुढच्याच आठवड्यात हार्वर्डची पाळी आली. हार्वर्डला एकही गुण मिळू न देता ब्राउनने २१–० असा विजय मिळविला. दोन्ही सामन्यांत पोलार्डच्या लांब लांब धावांनी प्रतिपक्षाची दाणादाण उडविली. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात कोलगेट महाविद्यालयाने ब्राउनला नमविले; तरी नऊपैकी आठ सामने जिंकून ब्राउनने आपले नाव अग्रगण्य संघांत नेऊन ठेवले.

त्या काळी वॉल्टर कँप हा फुटबॉलचा सर्वांत मोठा जाणकार मानला जात असे. ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापण्याची पद्धत ह्या खेळात रूढ करण्यात त्याचाच पुढाकार होता. दर वर्षी देशभरातील महाविद्यालयीन खेळाडूंतून तो उत्तम अकरा जण निवडी. हा संघ प्रत्यक्ष मैदानात उतरत नसे. त्यात नाव येणे हाच मोठा सन्मान. त्यास ‘ऑल-अमेरिकन’ असे म्हणत. कँप स्वतः येलचा जुना विद्यार्थी व खेळाडू होता. तरीही ज्याने येलला धूळ चारली, त्या पोलार्डला त्याने १९१६ च्या आपल्या पहिल्या संघात हाफबॅक म्हणून स्थान दिले. चेंडू घेऊन धावणाऱ्या गड्यांमध्ये हा मान मिळविणारा पोलार्ड हा पहिला कृष्णवर्णीय होय.

मैदानावर असे यश मिळत असताना अभ्यासाकडे मात्र दुर्लक्ष झाले, आणि त्याचे महाविद्यालयीन खेळणे तेथेच थांबले. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. १९१८ मध्ये पोलार्ड मेरीलँडमधील एका सैनिकी छावणीत शारीरिक शिक्षणाचे काम पाहू लागला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाने त्याला आपल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक नेमले. कृष्णवर्णीय तरुणांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले हे विद्यापीठ होते.

१९१९ साली ओहायो राज्यातील ॲक्रन शहराच्या व्यावसायिक संघाने पोलार्डला बोलावणे पाठविले. ॲक्रन म्हणजे रबराच्या कारखान्यांचे गाव. तेथे वर्णद्वेष तीव्र होता. आपल्याच संघाच्या खोलीत पोशाख बदलण्याची मुभा पोलार्डला नव्हती. संघाच्या एका मालकाच्या सिगारांच्या कारखान्यात तो पोशाख चढवी आणि सामन्याची वेळ झाली, की मोटार पाठवून त्याला मैदानावर आणले जाई. तरीही तो खेळत राहिला. १९२० मध्ये ओहायोतीलच कँटन ह्या गावी, एका मोटारविक्रीच्या दुकानात, निरनिराळ्या संघांच्या चालकांनी एकत्र येऊन व्यावसायिक फुटबॉलची संघटना स्थापन केली. तीच आज ‘नॅशनल फुटबॉल लीग’ ह्या नावाने ओळखली जाते. पहिल्याच हंगामात ॲक्रनचा संघ आठ सामने जिंकून, तीन बरोबरीत सोडवून आणि एकही न गमावता अजिंक्य ठरला. पुढल्या वर्षी, १९२१ मध्ये, खेळाडू असतानाच पोलार्डला त्या संघाचा सहप्रशिक्षक करण्यात आले. अमेरिकेच्या ह्या लीगमधील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याचीच गणना होते. त्या वर्षी त्याच्याबरोबर ॲक्रनकडून खेळणाऱ्यांत पॉल रॉबसनही होता. पुढे गायक व नट म्हणून ज्याची कीर्ती जगभर पसरली, तोच हा रॉबसन.

एकदा उघडलेले दार उघडेच राहील, असे कोणालाही वाटले असते. परंतु तसे झाले नाही. पोलार्ड १९२६ पर्यंत निरनिराळ्या संघांतून खेळला. त्यानंतर ह्या लीगमधील कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या घटत गेली आणि १९३४ ते १९४५ ह्या बारा वर्षांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला तेथे स्थान मिळाले नाही. ह्या बंदीचा लेखी नियम कोठेही नव्हता. संघांच्या मालकांनी घ्यायचे नाही एवढे ठरविले, की काम भागत असे. नियम लिहिलेला असता, तर त्याविरुद्ध दाद तरी मागता आली असती. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद कोणाकडे मागणार?

पोलार्ड स्वस्थ बसला नाही. १९२८ मध्ये शिकागोत आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम ह्या वस्तीत त्याने कृष्णवर्णीय खेळाडूंचे संघ उभारले. हार्लेममधील संघाचे नाव होते ‘ब्राउन बॉम्बर्स’. प्रख्यात मुष्टियोद्धा जो लुई ह्याच्या टोपणनावावरून ते घेतले होते. लीगची दारे बंद असली, तरी आपल्या खेळाडूंचे कौशल्य लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. ह्याच काळात, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पोलार्डच्या मुलाने ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले.

दार पुन्हा उघडले ते १९४६ मध्ये. क्लीव्हलंडचा एक संघ त्या वर्षी लॉस एंजेलिस शहरात आला आणि त्याने तेथील मोठे सार्वजनिक क्रीडांगण वापरायला मागितले. क्रीडांगण सर्व जनतेच्या पैशाने चालते. तर मग त्यावर खेळणाऱ्या संघात एका वर्णाच्या लोकांना मज्जाव कसा, असा प्रश्न कृष्णवर्णीय पत्रकारांनी विचारला. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड ह्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतले, आणि बारा वर्षांची बंदी मोडली. प्रशिक्षकपदाची गोष्ट मात्र लांबली. पोलार्डनंतर दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला गेला, तो १९८९ मध्ये. त्याचे नाव आर्ट शेल.

ही नेमणूक पाहायला पोलार्ड हयात नव्हता. ११ मे १९८६ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याचे नाव १९५४ मध्येच घेतले गेले होते, आणि १९८१ मध्ये ब्राउन विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी अर्पण केली होती. परंतु व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याचा समावेश व्हायला २००५ साल उजाडावे लागले. हे दालन कँटन येथे आहे. पंचाऐंशी वर्षांपूर्वी ज्या गावी लीगची स्थापना झाली, तेच हे गाव. प्रशिक्षकाच्या व अधिकाराच्या जागांवर सर्व वर्णांच्या लोकांना समान संधी मिळावी, म्हणून २००३ मध्ये अमेरिकेत एक संस्था निघाली. तिला पोलार्डचेच नाव देण्यात आले आहे.

पोलार्डसारखा धावपटू एखाद्या पिढीत एखादाच निपजतो. आपल्या पायांच्या बळावर त्याने अडविणाऱ्या गड्यांमधून स्वतःची वाट काढली. पण त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याइतके चपळ असल्यावाचून पुढे जाताच येऊ नये, ही काही न्यायाची रीत नव्हे. प्रशिक्षकवर्गाने हॉटेलात घेतलेली ठाम भूमिका, वॉल्टर कँपची निःपक्षपाती निवड, पत्रकारांनी विचारलेला सरळ प्रश्न, अशा अनेकांच्या हातांनी ती वाट रुंद झाली. आणि पोलार्ड ज्या मैदानात एकटा शिरला होता, तेथे त्याच्यानंतर हजारो खेळाडू निर्वेधपणे उतरू शकले.